गणूआप्पाच्या एरंडांची सोयरीक

गणूआप्पा एरंडाच्या तुऱ्यांना कपडे शिवत असे. धोतराच्या विटक्या तुकड्यांच्या लांबट खोळी तो स्वतः सुई घेऊन शिवी आणि फुलोऱ्यावर चढवून सुतळीने बांधी. दुरून ते रान टोपडी घातलेल्या तान्ह्या मुलांनी भरल्यासारखे दिसे. तलवाड्याच्या बाजाराला निघालेला एखादा माणूस गाडी थांबवून चौकशी करी आणि त्याचा बाजार बुडे.

आप्पाचे म्हणणे असे, की एरंडाच्या शेरभर बियांतून आज निघते त्याहून अधिक तेल निघू शकते. सोयरीक मात्र पाहून जुळवली पाहिजे. तुऱ्यावरची वरची तांबडी फुले त्या लेकी, खालची पिवळी ते जावई, आणि वारा हा बेजबाबदार मध्यस्थ. म्हणून खोळी. दर साली भरघोस तुऱ्याचे बी निवडायचे, त्यातले मूठभर भाजून, कुटून, उकळून वरचे तेल पळीने मोजायचे, आणि ज्याचे तेल अधिक त्याचेच बी पुढे पेरायचे. स्वतः अविवाहित राहिलेल्या या माणसाला झाडांची वंशावळ तोंडपाठ होती. मी विचारले नसताही तो ती ऐकवी.

मी त्या वेळी गावचा पाटील होतो. माझे रान त्याला लागून, आणि वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहणारा. माझ्या बांधावर आपोआप उगवलेले एरंड होते. रोज सकाळी आप्पा बांधावर उभा.

"पाटील, तुमचं एरंड कावून तोडीनात? लई हलक्या कुळाचं हाय."

मी रोज नाही म्हणत असे. अखेर त्याने गेवराईच्या तहसिलीत अर्जी दिली, की पाटलाचे एरंड वाऱ्यामार्फत माझ्या घरात शिरतात. मला घोड्यावरून हजर व्हावे लागले. तहसीलदारांनी अर्जी दोनदा वाचायला लावली आणि ते चष्मा पुसत खूप हसले. मी हसलो नाही. एरंड तोडायचे नाहीत, हे त्या दिवशी पक्के झाले. पुढे सात वर्षे मी ते पाळले.

आठव्या वर्षी आप्पाला हवे तसे झाड मिळाले. त्याचे नाव त्याने राणी ठेवले. राणीचे बी पिकले की आपले काम संपले, असे तो म्हणू लागला. ते संपावे, अशी माझीही इच्छा होती.

आमच्याकडे होळीच्या मधोमध एरंड उभा करतात. तो आणण्याचा मान पाटलाचा. माझ्या बांधावरचे एरंड वाकडे, म्हणून उंच आणि सरळ पाहून आण, असे मी माझा नुकताच परगावाहून आलेला गडी सटवा यास सांगितले. कोठून, ते सांगितले नाही. सटवाने राणी आणली. खोळी पाहून त्याला वाटले, हे झाड होळीसाठीच सजवून ठेवले आहे.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा लाकडे रचून झाली होती. खोळी दिसल्या आणि मी जागीच थांबलो. एवढ्यात नैवेद्याचे ताट घेऊन आप्पा आला. आता गावासमोर काय ऐकावे लागणार, याची मी मनाशी तयारी केली.

त्याने ताट खाली ठेवले. एकेक सुतळी सोडून खोळी उतरवल्या, घड्या घातल्या. एक बोंड नखाने दाबून पाहिले.

"कच्चं हाय अजून," तो म्हणाला. "पेटवा, पाटील. सणाला खोळंबा नगं."

दुसऱ्या दिवशी मी प्रथमच त्याच्या घराची पायरी चढलो. चूक माझी आहे, एवढेच बोललो. त्याने मान हलवली. कोनाड्यात बियांच्या पुरचुंड्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर कोळशाने मोडी अक्षरांत गावातल्या एकेका घराचे नाव. पहिले माझे.

"राणीच्या आईचं बी हाय," तो म्हणाला. "राणीचं देणार हुतो समद्यांला. आता हेच."

माझे नाव पहिले का, असे मी विचारले.

"वारा तुमच्याकून येतो." मग पुरचुंडी माझ्या हातात देत म्हणाला, "आन् न्हाई म्हणायला का हुईना, तुमी रोज बोलता."

घरी येऊन मी सटवाला कुऱ्हाड देऊन बांधावर धाडले. मग आत जाऊन एक जुने धोतर मागून घेतले, आणि सुई.