दाराबाहेरच्या चपला

किशनमामा टीव्हीसमोर बसत नाहीत. नांदेडला आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या अगदी समोर, त्यामुळे रोज सात वाजता हे दिसतंच. मालिका सुरू झाली की मामा उठतात, पडद्याजवळ जाऊन काहीतरी शोधतात, मग आपल्या दारात येऊन गल्ली बघतात, की परत आत. यांची एसटी चुकतेय की काय, असं वाटावं.

मालिका एका मुख्यमंत्र्याची. भल्याभल्यांना तुडवून वर आलेला माणूस, आणि आता त्याचे सत्तेतले शेवटचे दिवस. त्याला खाली कोण ओढणार, याची गल्लीला उत्सुकता. मामांची माझ्याकडे तक्रार वेगळीच.

"सर, दाराभाईरच्या चपलाच दाखवून न्हाई राहिले. मग किती दिस उरले, कसं कळावं?"

मामा सरकारी रेस्ट हाउसवर खानसामा होते. कुठल्या नेत्याचं वजन किती, हे ते दाराबाहेरच्या चपलांवरून ठरवत. पन्नास जोड म्हणजे साहेब जोरात. वीसवर आले की मामा मटण कमी आणत. "खुर्ची मागून जाती, चपला आधीच जातेत," हे त्यांचं पालुपद. आपला अंदाज कधी चुकला नाही, असं ते सांगतात. मटण कमी पडल्याचं मी दुसऱ्यांकडून ऐकलंय.

परवा पडद्यावरचा नेता एकटाच बसलेला दाखवला आणि मामांच्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या की मलाच गरगरायला लागलं. वैतागून म्हणालो, एवढा नालायक माणूस, जाऊ द्या की.

मामा थांबले. असाच एक साहेब त्यांच्याकडे उतरायचा. चहा थंड लागला म्हणून त्याने मामांची बदली थेट देगलूरला केली होती. मामा कसेबसे परत आले. पुढे साहेबाचं मंत्रिपद गेलं, त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा मुक्कामाला आला. वीस माणसांचा स्वयंपाक तयार, आणि कुणी फिरकलं नाही.

"सायब सारखं दाराकडं बघून राहिले. मग म्या माळ्याच्या, वॉचमनच्या, भांडेवालीच्या, माझ्या, समद्या चपला आणून दारात मांडल्या. म्हणलं, लोकं भाईर बसलेत, तुमी जेवून घ्या."

"मग?"

"जेवले की."

शेवटच्या भागाला मामांनी अख्ख्या गल्लीला बोलावलं आणि चुरमुऱ्यांचा परातभर सुशीला केला. गल्लीने तो भाग दुपारीच मोबाइलवर बघून टाकला होता. सात वाजता मामांच्या दारात त्यांचाच एक जोड, आणि बाजूला मामा, गल्लीकडे बघत उभे. मला फार वाईट वाटलं. बायकोला आणि मुलीला घेऊन निघालो. आईचे गुडघे दुखत होते, तिला येववेना. तिच्या चपला मी हातात घेतल्या.

आत गेल्यावरही मामा दोनदा दारात डोकावले. चपला बघितल्या, मग आम्हाला बघितलं. एक जोड जास्तीचा होता. त्यांनी सुशील्याच्या बशा भरून आमच्या हातात दिल्या, आणि टीव्हीसमोर बसले.