काळदंताचं धोंडेजेवण

धोंड्याच्या महिन्यात सासरी जाताना माणसानं सोबत फक्त भूक न्यावी. मी खेळाचा पट नेला आणि तिथून सगळं बिघडलं.

एकसष्ट सालची गोष्ट. अमरावतीच्या एका साप्ताहिकात गगनकेसरी नावाच्या वीराची चित्रकथा यायची. हा गडी तोंडाला मुखवटा लावून आभाळात उडायचा आणि काळदंत नावाच्या दरोडेखोराला दर आठवड्याला पकडायचा. (काळदंत पुढच्या आठवड्याला सुटलेला असायचा. तुरुंगाचं कुलूप आमच्या कचेरीतल्या कपाटाचं असावं.) आता त्यावर कुणीतरी सोंगट्या-फाशांचा खेळ काढला होता. संपादक शेषराव मला म्हणाले, "खेळून पाहा अन् पहिलं मत लिहा. जमलं तर दर आठवड्याचं सदर तुमचं." मी कचेरीतला कारकून, दहा वर्षं दुसऱ्यांची नावं रजिस्टरात लिहीत आलेलो. स्वतःचं नाव छापून येणार म्हटल्यावर मला अन्न गोड लागेना.

पण खेळाला चार माणसं लागत आणि घरी आम्ही दोघंच. अकोल्याला सासरी माणसांना तोटा नाही, म्हणून पट पिशवीत टाकला.

खेळ तसा सोपा. एकानं गगनकेसरी व्हायचं, एकानं काळदंत, बाकीच्यांनी शिपाई. काळदंतानं नगर लुटायचं आणि गगनकेसरीनं नेमकं त्याच्या घरात येऊन त्याला तुरुंगात टाकायचं. चिठ्ठ्या काढल्या. मी काळदंत निघालो आणि गगनकेसरी निघाले माझे सासरे, खुशालराव मामाजी. जिनिंगमध्ये तीस वर्षं मुकादमी केलेला माणूस. नुसते खाकरले तरी मजुरांच्या हातातल्या बिड्या विझत.

"जवाई अन् दरोडेखोर?" सासूबाई कळवळल्या. "दुसरी चिठ्ठी काढा ना बाप्पा!"

"माय, खेळ हाये तो," माझा मेव्हणा सहदेव म्हणाला.

तिसऱ्याच पाळीला मामाजींना सहाचं दान पडलं. मी बरोबर सहा घरं पुढे. मामाजींनी सोंगटी उचलली, मोजत मोजत माझ्यापर्यंत आणली, कपाळाचा घाम पुसला आणि पाचव्या घरात ठेवून दिली.

"बाबा, सा पडले," सहदेव म्हणाला.

"मले दिसते."

"मंग पकडा ना त्याईले!"

"धोंड्यात घरी आलेल्या जवायाले तुरुंगात टाकू? लोक काय म्हनतीन?"

भर दुपारी दारं लावलेल्या माजघरात कोणते लोक बघत होते, देव जाणे. पुढच्या पाळीला मी मुद्दाम त्यांच्या तोंडासमोर जाऊन बसलो. मामाजी अदबीनं वळसा घालून पुढे गेले. शिपाई झालेल्या सासूबाईंनी तर स्वतःची सोंगटी बाजूला सारून मला वाट करून दिली. तासाभरात मी अख्खं नगर लुटलं, कुणी हटकलं नाही.

"असं कसं मत लिहू मी?" मी म्हटलं. "आता मी गगनकेसरी होतो."

मामाजी काळदंत झाले. त्यांनी दान टाकलं, सोंगटी उचलली आणि आपल्या हातानं तुरुंगात ठेवली.

"हे काय, मामाजी?"

"एवढ्या धुपकाळ्यात तुमाले मांगं मांगं कायले पळवू? म्याच आलो."

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. मला पाटावर बसवलं, पाय धुतले, तेहतीस अनारशांचं ताट वर दिवा लावून समोर ठेवलं. गगनकेसरी काळदंताचे पाय पुसत होता आणि माझ्या डोक्यात एकच घोर, शेषरावांना काय लिहून देऊ?

जेवणं उरकल्यावर माझी बायको शकुन तळणातून मोकळी झाली आणि खेळाच्या पटाशी येऊन बसली. "आना, मी होते गगनकेसरी." मला हायसं वाटलं. चौथ्या पाळीला मी तुरुंगात होतो. पुन्हा डाव मांडला, तर तिसऱ्या पाळीला. त्यानंतरच्या डावात मी नगराच्या वेशीपर्यंतही पोचलो नाही.

"बाई, नवरा हाये तो तुया!" सासूबाई ओरडल्या.

"तुमाले जवाई अशीन. मले रोजचाच हाये."

मला राग आला. (चांगलाच आला, उगाच कशाला लपवू?) तिथंच कागद घेऊन लिहिलं, 'गगनकेसरीस अवाजवी बळ दिले आहे. काळदंतावर उघड अन्याय आहे. खेळ सदोष आहे.' मग सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मामाजी म्हणाले, "वा!" सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. सहदेवनंही मान डोलावली. एकटी शकुन म्हणाली, "हारले म्हनून रडून राहिले, दुसरं काई नाई."

अमरावतीला परतल्यावर लेख दिला. पंधरा दिवसांनी शेषरावांनी बोलावून घेतलं.

"सदर तुमचं," ते म्हणाले.

मी हरखलो. "म्हणजे लेख आवडला?"

"लेख? तो टोपलीत गेला. पण तुमच्या सासऱ्यांचं कार्ड आलं होतं. खेळात खोट नाही, आम्हीच जावयाला पकडलं नाही, म्हणून लेकीनं पकडलं ते त्यांना अन्याय वाटलं, तरी लेखातली चूक आमच्या नावे धरावी, असं. सगळी हकीकत अशी झकास लिहिली होती की हसून हसून माझं पोट दुखलं. मी लगेच त्यांनाच कळवलं, सदर तुम्ही चालवा."

"मग?"

"त्यांनी लिहिलं, जावई असताना त्या जागेवर मी कसा बसू?" शेषरावांनी सुस्कारा सोडला. "तेव्हा आता तुम्हीच लिहा."