आठशे वर्षांचा पाइप

उत्तर आलं तेव्हा काळजीरावांनी आधी चष्मा पुसला, मग कॉम्प्युटरचा पडदा पुसला. उत्तर तेच राहिलं. अणुवीज केंद्रातला गरम पाण्याचा तो स्टेनलेस स्टीलचा पाइप हिशेबाप्रमाणे केव्हाच तडकला होता.

काळजीराव हे नाव ऑफिसनं ठेवलेलं, आणि उगाच ठेवलेलं नाही. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसा पाइपही तापून-निवून थकतो. केंद्र किती वेळा सुरू झालं, किती वेळा बंद पडलं, यावरून पाइपाचं आयुष्य किती सरलं ते काळजीराव काढत. आकडा एकच्या आत असेल तर पाइप धड, वर गेला तर तडकलेला. आज साडेतीन आला होता, आणि यांची बायको त्याच इमारतीत कंट्रोल रूममध्ये कामाला होती. ते तसेच घरी पळाले.

बायको दुपारपाळीसाठी डबा भरत होती.

"आज ड्यूटीवर जाऊ नकोस. पाइप तुटलाय."

तिनं गॅस बंद केला. "कधी?"

"सात वर्षांपूर्वी."

"मग काल मी काय सांभाळत होते?" तिला हसू आवरेना. "अहो, तुटला असता तर पहिली बोंब आम्हीच मारली असती. धरलंय तरी काय तुम्ही?"

"केंद्र किती वेळा सुरू-बंद झालं, ते तू दिलेलेच आकडे."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "ते मी दुप्पट करून दिले होते. तुम्ही हिशेबवाले आकडे छाटता, म्हणून."

काळजीरावांनी तिथूनच पाइपाचे जोड तपासणाऱ्या वेल्डिंगवाल्याला फोन लावला. "जोड तसा चांगलाय हो, काका," तो म्हणाला. "पण कंट्रोल रूमवाले आकडे लपवतात. म्हणून आपण आपला खडबडीत लिहिला, खडबडीत जोड लवकर तडकतो ना." राहिलं पाणी किती झटक्यात तापतं ते. ते खुद्द काळजीरावांनी सढळ हातानं धरलं होतं, कारण या दोघांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. त्यातलं एक घरचं माणूस होतं, म्हणून तर मुळीच नव्हता.

ऑफिसात परतून त्यांनी हे सगळं साहेबांना सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. "उद्यापर्यंत पुन्हा हिशेब करा. एकच्या वर गेला तर केंद्र बंद करून पाइप उघडतो. आत आला तर मी सुटलो."

ती रात्र काळजीरावांनी बायकोच्या चपलांचा आवाज ऐकू येईपर्यंत खिडकीत काढली.

दुसऱ्या दिवशी तिघांनी नवे आकडे दिले आणि उत्तर आलं: पाइप अजून आठशे वर्षं टिकेल. साहेबांनी ते पाहून त्यांची पाठ थोपटली. काळजीराव तरंगतच घरी आले. बायको डबा घेऊन निघालीच होती.

"बघा, उगाच घाबरवलंत," ती म्हणाली. "मी तर या वेळी निम्मेच आकडे दिले."

"खऱ्याच्या निम्मे?"

"तुम्ही वाढवणारच, हे कालच कळलं ना."

काळजीरावांनी पुन्हा वेल्डिंगवाल्याला फोन लावला. त्यानंही जोड आरशासारखा लिहून दिला होता, कारण काका घाबरट, ते वाढवणारच. आणि काकांनी? हे दोघं वाढवून देतात म्हणून पाणी पार कोमट धरलं होतं.

"मग पाइप खरा किती टिकेल?" बायकोनं विचारलं.

"देवाला ठाऊक."

काल त्यांच्या हिशेबाला हसलेल्या त्या बाईनं डबा टेबलावर ठेवला आणि चपला काढल्या. मग तिनंच साहेबांना फोन लावला, स्पीकर चालू करून.

"साहेब, केंद्र बंद करा आणि पाइप उघडून बघा. आम्ही तिघांनीही आकडे कमी करून दिलेत."

"मॅडम," साहेबांचा आवाज बारीक झाला होता, "वरच्यांचा आपल्या बोलण्यावर विश्वास नसतो. म्हणून मी त्यांना आठशेऐवजी हजार वर्षं कळवलंय."