लंडनात टाकलेला रुमाल

पुण्याच्या धायरीतल्या आमच्या सोसायटीतले दामूअण्णा कुठेही बसायच्या आधी रुमाल टाकतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण अण्णा दाताच्या दवाखान्यातही रुमाल टाकतात, लग्नाच्या पंगतीत टाकतात, आणि सोसायटीच्या बागेत सकाळी ते आणि एक मांजर यांच्याखेरीज कुणी नसतं, तिथल्या बाकावरही टाकतात. मांजर त्या बाकावर बसत नाही, एवढं मात्र मला मान्य केलं पाहिजे.

मी पेठेत वाढलेला निवृत्त इंग्रजी शिक्षक. दुसऱ्याच्या खुळात चूक काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. एकदा विचारलंच, "अहो अण्णा, रुमाल टाकला आणि माणूस आलाच नाही तर?"

अण्णांनी माझ्याकडे ढ पोराकडे बघावं तसं पाहिलं. "सर, रुमाल टाकलाय म्हंजे मानूस येनारच की. न्हाईतर टाकंल कशाला?"

आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी अण्णांची वांगी होती. जमीन बिल्डरला गेली, अण्णा तिसऱ्या मजल्यावर आले आणि त्यांची एकुलती एक मुलगी गौरी शिकायला लंडनला गेली. निघताना तिच्या बॅगेत लाडू कमी आणि रुमाल जास्त होते. विमानात शिरल्याबरोबर खिडकीपाशी टाक, असंही अण्णांनी बजावलं होतं. तिने टाकला की नाही, हे ती अजून सांगत नाही.

तिकडे गौरीचं काही जमेना. खोलीतून कॉलेज आणि कॉलेजातून खोली, बोलायला कुणी नाही. परवा फोनवर रडली आणि कोर्स सोडून परत येते म्हणाली. तिची आई, शालनवहिनी, लगेच ये म्हणाल्या. अण्णा मात्र म्हणाले, ये की, पण आधी एक दिवस लंडन बघ, एक नाटक बघ, मग ठरव. नाटक का, असं मी विचारलं. अण्णांचं म्हणणं असं, की एवढ्या माणसांत बसून हसल्याशिवाय गाव आपलं होत नाही. मला हे तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं.

तर शनिवारी दुपारी आम्ही लंडन बघायला निघालो. म्हणजे अण्णांच्या हॉलमध्ये बसलो. गौरीचा व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावला होता. अण्णांनी इस्त्रीचा सदरा, टोपी आणि पायात चपला घातल्या होत्या. घरात चपला कशाला, असं वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "फिरायला चाललोय न्हवं?" मीही घालाव्यात असा त्यांचा आग्रह होता. मी मोज्यांवर तडजोड केली.

गौरीने आधी नदी दाखवली. अण्णांनी विचारलं, पाणी कुठल्या धरणातनं सोडतात. धरण नाही, नदी अशीच भरलेली असते, असं ती म्हणाली. अण्णांचा विश्वास बसला नाही. खडकवासल्यातून सोडल्याशिवाय नदी अशी दिसत नाही, हे त्यांचं साठ-पासष्ट वर्षांचं निरीक्षण होतं. मग राजवाडा आला. त्याच्यापुढची मोकळी जागा बघून ते हळू आवाजात मला म्हणाले, "सर, एवढी जागा पडीक, आन एक बिल्डर आला न्हाई?" वाड्याची राखण करणारे केसाळ टोप्यांचे शिपाई दिसले, तेव्हा वहिनींना फक्त त्यांना उकडत असेल याची काळजी.

पण गौरी हसत नव्हती. फोन पुढे धरून ती चालत होती, आम्हाला दाखवायचं म्हणून दाखवत होती. मध्येच म्हणाली, "अण्णा, बास ना आता. सगळे ग्रुपने आलेत, मी एकटीच वेड्यासारखी फोनशी बोलतेय." वहिनींनी पदर डोळ्याला लावला. अण्णा म्हणाले, "येकटी कुठंय? आमी तिघं हाय की. सरांनी तर मोजं घातल्यात."

तिकडच्या दुपारी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, नाटक होतं. आत लवकर जा आणि रुमाल टाक, असा अण्णांचा हुकूम सुटला. तिकिटावर सीट नंबर आहे, असं गौरीने परोपरीने सांगितलं. नंबर असू दे, रुमाल टाक, यापुढे चर्चा गेली नाही. मग तिथल्या कुणीतरी फोन बंद करायला लावला आणि टीव्ही काळा झाला.

मी घरी जायला उठलो. अण्णांनी मला दंडाला धरून बसवलं. त्यांनी देवघरातली घंटा आणली, थांबून थांबून तीनदा वाजवली, दिवे मालवले आणि काळ्या टीव्हीसमोर ताठ बसले. मी खाकरलो तर "शू" म्हणाले. कुठलं नाटक, कुणाचं, काही ठाऊक नाही, आणि मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस अंधारात मोजे घालून ते बघत होतो. एकदा मला वाटलं, आता काहीतरी गंभीर प्रसंग चालू असावा. स्वतःची काळजी वाटायला लागली ती तिथपासून.

गौरीचा मध्यंतराचा मेसेज आला तसे दिवे लागले आणि वहिनींनी बटाटेवडे आणले. मध्यंतरात वडा नसेल तर ते नाटक अण्णा धरत नाहीत. आम्ही वडे खाल्ले, पुन्हा घंटा झाली, पुन्हा अंधार.

नाटक सुटलं आणि गौरीचा फोन आला. ती इतकी भराभर बोलत होती, की अर्धं कळेना. झालं होतं असं : मध्यंतरात बाहेर जाताना तिने खरोखरच खुर्चीवर रुमाल टाकला. परत आली तर शेजारच्या खुर्चीतली म्हातारी बाई त्या रुमालावर हात ठेवून बसलेली. कुणाचा तरी राहिलाय, हरवेल, म्हणून राखत होती. रुमाल का टाकतात हे गौरीने तिला सांगितलं, एसटी सांगितली, अण्णा सांगितले. म्हातारी खूप हसली. मग तिने दोघींसाठी आइस्क्रीम घेतलं, कारण तिकडे मध्यंतरात आइस्क्रीम खातात.

"तीसुद्धा एकटीच आली होती, अण्णा. नवरा गेल्यापासून एकटीच येते. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. ती म्हणालीये, आधी पोचेल तिने रुमाल टाकायचा." मग जरा थांबून म्हणाली, "मी कोर्स पूर्ण करूनच येते. वर्ष आहे अजून. चालेल ना?"

दुपारपासून चपला घालून जे मिळवायला बसले होते ते अण्णांना मिळालं होतं. ते "बरं" म्हणाले. फोन ठेवून झाल्यावरही हातातल्या मोबाईलकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी एकेक करून चपला काढल्या आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या.

वहिनींनी मला जेवूनच जा म्हटलं. मी टेबलापाशी गेलो आणि खिडकीजवळची खुर्ची ओढली.

"सर, तिथं नगं," अण्णा म्हणाले. "रुमाल हाय."

खरंच होता. इस्त्री केलेला, चौकोनी घडीचा, बायकी, कडेला निळी फुलं असलेला. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "पोरगी गेली त्या दिवसापासनं हाय. कुनाला बसू देत न्हाईत. माझी भन आली तर तिलाबी स्टूल दिलं."

मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो. रुमालाला धक्का लागू नये म्हणून ती जराशी बाजूला सरकवून घेतली.

अण्णांनी तो रुमाल उचलला, उजेडात धरून पाहिला आणि खिशात ठेवला. मग आत जाऊन कपाट उघडलं. बराच वेळ काहीतरी शोधत होते. परत आले तेव्हा हातात कोरा, जाडजूड टॉवेल होता. त्याची नीट घडी घालून त्यांनी तो गौरीच्या खुर्चीवर ठेवला आणि त्यावरून दोनदा हात फिरवला.

"रुमाल पातळ पडंल," ते म्हणाले. "वरीसभर जागा धरायचीय."