बंबामागे चाळीस मिनिटं

सव्वीस वर्षं मी खाणीचा ट्रक चालवला, पण तेवढ्या काळात माझ्या नावावर एकही चलान नाही! डिचोलीत असं सांगणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाहीतर रघुनाथ गावस. मी रघुनाथ गावस.

खाण बंद पडली आणि ट्रक दारात गंजत बसला. अशात मुळगावच्या शाळेत बालरथावर, म्हणजे शाळेच्या बसवर, ड्रायव्हरची जागा निघाली. अट एकच, नावावर चलान नको. म्हटलं, ही तर माझ्यासाठीच काढलीय! बायको मात्र म्हणाली, "ही नोकरी हातची घालवलात तर मी हळर्णाक म्हायेराक जातंय. मागीर परत येवचंय नाय!"

मुलाखतीच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी माझ्या जुन्या मारुतीतून निघालो. वाटेत अग्निशामक दलाचा बंब रस्त्याच्या कडेला उभा, वर दिवा फिरतोय. फणसाची फांदी कुणाच्या तरी कुंपणावर पडली होती, ती जवान कापत होते.

आता अशा वेळी काय करायचं? अमेरिकेतला माझा भाचा निलेश अशा उभ्या बंबाजवळून जाण्याच्या तिथल्या कायद्याबद्दल काहीतरी बोलला होता. खात्री केलेली बरी, म्हणून लगेच त्याला फोन लावला.

"मामा, शेजारच्या पट्ट्यात सरकायचं," तो म्हणाला. "जमत नसेल तर वेग कमी करायचा."

मुळगावच्या रस्त्याला शेजारी पट्टा नाही, शेत आहे. म्हणून वेग कमी केला. कायदा पाळायचा तर पुरता पाळावा, म्हणून शून्यावर आणला!

एक जवान पुढे जायची खूण करत म्हणाला, "वच रे बाब, जागा आसा."

"आधी तुमचां काम होऊ दे!" मी म्हटलं आणि काच वर केली.

मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले. माझी गाडी बंद पडली असं वाटून चार जण ढकलायला आले. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि "कायदो आसा! कायदो आसा!" म्हणून ओरडत राहिलो. काच बंद! बाहेरून दिसला तो फक्त लालबुंद होऊन तोंडाची उघडझाप करणारा माणूस.

"अरे, ह्याका अटॅक इलो!" असं कुणीतरी ओरडलं आणि अँब्युलन्स बोलावली.

ती आली, आणि मीच अडवलेल्या रांगेत सगळ्यात मागे अडकली. आता पुढे बंब, मागे अँब्युलन्स, दोन्ही गाड्या उभ्या, दोन्हींचे दिवे चालू! यावर काय करायचं ते अमेरिकेतही कुणी ठरवलं नसेल.

शेवटी वाहतूक पोलिसांच्या उपनिरीक्षक गौरवी परब चालत आल्या.

"कोणाक अटॅक इलो?"

"कोणाक नाय, मॅडम. मी कायदो पाळतंय."

"खंयचो?"

"अमेरिकेचो."

त्यांनी चलानाचं यंत्र काढलं आणि वाहतुकीला अडथळा केल्याचं चलान फाडलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं! खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी निलेश म्हणाला, "मामा, रस्त्यावर भांडला नाहीत हे बरं केलंत. आता आपलं म्हणणं लेखी द्या. सगळं खरं खरं लिहा."

दुसऱ्या दिवशी चार पानं घेऊन मी पोलीस ठाण्यात हजर! गौरवी मॅडमनी शांतपणे वाचायला घेतलं.

"आपल्याकडे वेग कमी करून, जपून पुढे जायचं असतं. वाटेत उभं राहायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण जवानांना धक्का लागू नये म्हणून थांबलात, हेतू चांगला होता. हे चलान रद्द व्हावं म्हणून मी वर लिहिते."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एवढ्यात त्यांनी तिसरं पान उलटलं.

"'वाहन चालवीत असतानाच भाच्यास दूरध्वनी करून खातरजमा केली.' हे तुम्हीच लिहिलंत?"

"होय मॅडम! खाली सहीसुद्धा माझीच!"

त्यांनी यंत्र पुन्हा बाहेर काढलं.

तिथून पाय ओढत शाळेत गेलो. मुख्याध्यापिका सुलोचनाबाईंपुढे नवं चलान ठेवलं आणि म्हटलं, "काल मुलाखतीक पोचाक नाय, आणि आज ह्यां. येतंय, बाई."

"बसा. काल मीसुद्धा पोचले नाही. तुमच्या मागची सातवी गाडी माझी."

मी बसलो.

"बालरथ तुम्हाला देता येणार नाही. अट म्हणजे अट," बाई म्हणाल्या. "पण शाळेसमोर मुलं रस्ता ओलांडतात, तेव्हा एकही गाडी थांबत नाही. गाड्या थांबवायला दोन माणसं ठेवून बघितली, दोघंही हॉर्न ऐकून बाजूला झाली. काल मी चाळीस मिनिटं हॉर्न वाजवला, रघुनाथबाब. तुम्ही हललासुद्धा नाहीत!"

आता फाटकापुढे 'थांबा'ची पाटी घेऊन मी उभा असतो. बायको शेजारणींना सांगते, "आमचे ह्ये बालरथार लागले." तसं ते खोटं नाही. बालरथ दिवसातून दोनदा येतो, मी पाटी दाखवतो आणि तो थांबतो. बहुतेक वेळा!