वेळापत्रकानुसार अंधार

मंगळवारी सकाळी सहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी आमच्या घरातली वीज गेली. बुधवारी ती सहा वाजून छप्पन्न मिनिटांनी गेली आणि गुरुवारी सात वाजून एक मिनिटाने. तिन्ही वेळा ती फक्त आमच्याच घरातली गेली. त्याआधीच्या अकरा वर्षांत असे एकदाही घडले नव्हते. विजेच्या वापराचे वेळापत्रक आमच्या घरी मंगळवारपासून लागू झाले होते आणि घरातल्या प्रत्येकाने ते तंतोतंत पाळले होते.

वेळापत्रक मी केले होते, आणि मी केलेले वेळापत्रक चुकत नाही असे माझे तोपर्यंत ठाम मत होते.

मी पेटंट परीक्षक आहे. लोक शोध लावतात आणि तो शोध नाही हे त्यांना सभ्य भाषेत कळवणे हे माझे काम. या कामात माणूस हळूहळू कशावरच विश्वास न ठेवणारा होतो. नवा दाढीचा साबण आणला तरी मी त्याच्या वेष्टनावरचे दावे दोनदा वाचतो.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर पवनचक्क्यांचा एक अर्ज होता. पवनचक्की वीज तयार करते हे सर्वांना ठाऊक असते. ती वीज खातेही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तिला तेल गरम ठेवायचे असते, पंप चालवायचे असतात, वाऱ्याकडे तोंड वळवायचे असते. गेलेली लाइन परत आली की माळावरच्या सगळ्या चक्क्या लग्नाच्या पंगतीसारख्या एकदम ताटावर बसतात आणि लाइन पुन्हा पडते. म्हणून त्यांना पाळीपाळीने वीज द्यायची. अर्जदाराची युक्ती अशी की प्रत्येक चक्कीने वीज ओढण्याआधी तारेवरून बाकीच्यांना तसे कळवायचे, कोणी आधीच ओढत असेल तर थांबायचे, आणि तिचे आटोपले की मग आपण सुरू व्हायचे.

मी आक्षेप घेतला. प्रत्येक चक्कीला घड्याळ लावून ठरावीक वेळ दिली की काम भागते. त्यासाठी चक्क्यांनी एकमेकींशी बोलण्याचे कारण नाही. कोणताही समजूतदार कुटुंबप्रमुख घरात हेच करील. तस्मात यात कल्पक असे काही नाही.

अर्जदाराचे उत्तर एका ओळीचे आले : 'प्रत्यक्ष जागेवर घड्याळावर चालत नाही.'

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी ते दाखवले. त्याला कचेरीत सगळे पूर्णविराम म्हणतात, कारण दाव्याच्या शेवटी पूर्णविराम नाही एवढ्यावरून त्याने एकदा अख्खा अर्ज परत पाठवला होता.

"पुरावा?" त्याने विचारले.

"नाही."

"आकडे? आलेख?"

"एक ओळ."

"मग शुक्रवारी सुनावणी घे आणि नामंजूर कर. मुदतही शुक्रवारीच संपते. पूर्णविराम आहे ना शेवटी?"

"आहे."

"तेवढं तरी बरं आहे," तो म्हणाला.

सुनावणीची वेळ कळवायला मी अर्जदाराला फोन केला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. पंचवीस वर्षे त्या चक्क्यांच्या देखभालीचे काम करत होत्या. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. ही युक्ती बसवायला त्यांना नऊ वर्षे लागली होती, आणि अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा नव्याने दाखल करण्याइतके बळ आता गुडघ्यांत नाही, असे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले. वकील परवडण्यासारखा नव्हता. त्या स्वतःच येणार होत्या.

"पण बाई, घड्याळावर का चालत नाही?" मी विचारले.

"तुम्ही घरी करून बघा साहेब एकदा," त्या म्हणाल्या.

हे आव्हान होते की सल्ला, ते आवाजावरून ठरवता येईना. मी ते आव्हान धरले.

आमचे घर प्रयोगासाठी उत्तम होते. आमचा मेन स्विच एका वेळी एकच दांडगे उपकरण सोसतो. आईच्या खोलीतला हीटर किंवा न्हाणीघरातला गिझर. दोन्ही एकदम लावले की तो पडलाच. अकरा वर्षे हा कारभार आरडाओरड्यावर चालला होता. बायको न्हाणीघरातून ओरडायची, "गिझर लावतेय!" आई खोलीतून उत्तर द्यायची, "थांब गं, हीटर चालू आहे." मग थोड्या वेळाने आई, "झालं माझं," आणि बायको, "लावला." माझ्या सकाळच्या झोपेचा शेवटचा तुकडा रोज या संवादात वाया जायचा.

सोमवारी संध्याकाळी मी तीन नियमांचे वेळापत्रक छापून आणले. पहिला नियम वेळांचा : हीटर सहा चाळीस ते सात, गिझर सात ते सात वीस. दुसरा : प्रत्येकाने आपल्या खोलीतले घड्याळ प्रमाण मानावे, दुसऱ्याला विचारू नये. तिसरा : ओरडू नये. शेजारी एक तक्ता, त्यात एकच रकाना, 'वेळ पाळली का? होय / नाही'.

"आणि इस्त्री?" मुलीने विचारले. ती कॉलेजात जाते आणि ग्रहणाची वेळ आधी सांगता येते, तिच्या इस्त्रीची येत नाही.

"साडेसातनंतर."

"ओरडायचं नाही म्हणजे अगदीच नाही?" आईने विचारले.

"गरजच नाही, आई. घड्याळ आहे."

आई आणि बायको यांनी एकमेकींकडे पाहिले. मी ते पाहणे संमती म्हणून नोंदवले.

मंगळवारी मी नेहमीप्रमाणे साडेसहाला फिरायला गेलो. प्रयोग करणारा समोर उभा राहिला की लोक मुद्दाम नीट वागतात, हेही एक कारण होते. सहा एक्कावन्नला खिशातला मोबाइल थरथरला : घरातला राउटर बंद पडला की मला सूचना येते. मी त्या वेळेची नोंद केली आणि शांतपणे फेरी पूर्ण केली.

परतलो तेव्हा बायको डोक्याला शांपू लावून, थंडगार पाण्याच्या बादलीसमोर, बोलण्याच्या पलीकडे पोचली होती.

"वेळ पाळलीस?" मी दाराबाहेरून विचारले.

"पाळली."

"आई?"

"मिनिटाचा फरक नाही, बाळा."

तक्त्यावर दोन होय. मुलीने इस्त्रीला हातही लावला नव्हता, असे तिचे म्हणणे. मी शिक्षणाने अभियंता, आणि अभियंता अशा वेळी एकच करतो. मी दोन उपकरणांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवले. गिझर सात पाचला.

बुधवारी मोबाइल सहा छप्पन्नला थरथरला. या वेळी वॉशिंग मशीन अर्ध्यावर थांबले आणि त्याच्या दाराला आपोआप कुलूप लागले. आत माझे कचेरीचे चारही शर्ट होते. मेन वर केल्यावर मशीनने दार उघडण्याऐवजी एक लाल दिवा लावला, आणि माहितीपुस्तिकेत त्या दिव्याचा अर्थ 'सेवाकेंद्राशी संपर्क साधा' असा होता. सेवाकेंद्राने सोमवारची वेळ दिली. मी काचेतून शर्ट पाहिले. मत्स्यालयातल्या माशांसारखे ते संथ पडून होते.

तक्त्यावर पुन्हा दोन होय. मी अंतर दहा मिनिटांवर नेले.

गुरुवारी सात वाजून एक मिनिट.

त्या संध्याकाळी मी सर्वांना जेवणाच्या टेबलाशी बोलावले. प्रत्येक साक्षीदार वेळ पाळल्याचे सांगतो आणि तरीही दोन उपकरणे एकदम चालतात, याचा अर्थ कोणीतरी खोटे बोलते आहे. दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. हे मी शक्य तितक्या सौम्यपणे मांडले.

"तुम्ही आईंना खोटं म्हणताय?" बायकोने विचारले.

"मी कोणालाच म्हणत नाहीये. मी तिसऱ्या उपकरणाची शक्यता तपासतोय." आणि मी मुलीकडे पाहिले.

"बाबा, त्या वेळी मी झोपलेली असते. तुमचा राउटर पडतो तेव्हा माझं गाणंही बंद पडत नाही, कारण ते चालूच नसतं."

"याला पुरावा?"

ती उठून आत गेली आणि पाच मिनिटांनी एक कागद घेऊन आली. त्यावर 'लेखी हरकत' असे शीर्षक होते. शेवटी पूर्णविराम होता. आईने शाल पांघरली आणि उद्यापासून आपल्याला हीटर नको, थंडीने काही माणूस मरत नाही, असे भिंतीला सांगितले.

"अरे, इतकी वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलले नाही," ती मग माझ्याकडे वळून म्हणाली. "म्हणजे विजेच्या बाबतीत तरी."

शुक्रवारी मी सुनावणीला जो शर्ट घालून गेलो तो आईने ट्रंकेतून काढून दिला होता. तो मी शेवटचा घातला तेव्हा माझे वजन चौदा किलोंनी कमी होते. बसताना मी श्वास सोडत नव्हतो.

अर्जदार बाई साडेदहालाच येऊन बसल्या होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, हातात कापडी पिशवी. पूर्णविराम नोंदी घ्यायला बाजूला बसला. मी आक्षेप वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "घरी करून बघितलंत का?"

नाही म्हटले असते तर अर्ज तिथेच संपला असता. पूर्णविरामने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. प्रश्न विचारायचा अधिकार अर्जदाराला नसतो, असे त्याला सुचवायचे होते. पण अर्ज नामंजूर करणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला फक्त पहिलीचा पगार मिळतो.

"बघितलं," मी म्हणालो. "तीन दिवस."

"पडला?"

"तिन्ही दिवस."

"मग तुम्ही मधलं अंतर वाढवलं असेल."

"पाच-पाच मिनिटांनी."

"आणि पडायची वेळही पाच-पाच मिनिटांनीच पुढे सरकली."

हे मी त्यांना सांगितले नव्हते. पूर्णविरामचे पेन थांबले.

"घरी कोण आहे आत्ता?" बाईंनी विचारले. "फोन लावा. उपकरणं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना विचारा, तुमच्या खोलीत आत्ता किती वाजलेत. दोघांना एकदम."

मी फोन लावला. बायको घरून भाषांतराची कामे करते. तिने लगेच उचलला. मी तो टेबलावर, सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"न्हाणीघरातल्या घड्याळात किती वाजलेत?"

"अहो, सुनावणी आहे ना तुमची?"

"तीच चालू आहे. सांग."

"अकरा एकोणतीस. ही तुमच्यासाठीची वेळ. खरी हवी असेल तर खिशातल्या फोनमध्ये बघते."

"माझ्यासाठीची म्हणजे?"

"ते मी नऊ मिनिटं पुढे ठेवते. कायम. नाहीतर तुम्ही आत गेलात की बाहेर येत नाही."

मी मनगटावर पाहिले. अकरा वीस.

"आईला विचार."

लांबून आईचा आवाज आला, "अकरा तेरा."

"आईंचं सात मिनिटं मागे असतं," बायको म्हणाली. "तेही मीच ठेवते. नाहीतर पहाटेपासून तुम्हाला हाका मारायला लागतात, ऊठ, उशीर होईल, म्हणून."

"मला ठाऊक आहे गं ते," आई मागून म्हणाली. "मला काय घड्याळ कळत नाही? तू लावलंस म्हणून राहू दिलं."

"मग तुम्ही दोघी ते चुकीचं घड्याळ बघून कशाला..." मी म्हणालो.

"नियम दोन," बायको म्हणाली. "खोलीतलं घड्याळ प्रमाण. दुसऱ्याला विचारायचं नाही. तुम्हीच छापून आणलंत. आधी कुठं आम्ही घड्याळाकडे बघत होतो? ओरडायचो."

मी फोन ठेवला. तेवढ्यात शर्टाचे दुसरे बटण सुटले आणि टेबलाखाली गेले.

"आमच्याकडे सत्तावीस आहेत," बाई म्हणाल्या. "लाइन गेली की प्रत्येकीचं घड्याळ आपल्या चालीनं चालतं. एक पुढं, एक मागं. सगळ्या आपापल्या वेळेवर अगदी बरोबर. आम्ही दोन वर्षं माणसांवर ओरडलो, कोण वेळ पाळत नाही म्हणून."

"हे उत्तरात का लिहिलं नाहीत?"

"लिहिलं होतं की. जागेवर चालत नाही."

पूर्णविरामने घसा साफ केला. "एक मुद्दा आहे. एकमेकींना कळवून पाळी लावणं ही युक्ती याच्या घरी अकरा वर्षं वापरात होती. म्हणजे ती आधीपासून ज्ञात ठरते. शेजाऱ्यांनाही ऐकू जात असणार."

"माझ्या घरात पवनचक्की नाही," मी म्हणालो.

"तसं आहे खरं," त्याने मान्य केले, आणि नोंद केली.

मी उपकरणांपेक्षा माणसांवर संशय घेतला होता. प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवशी उलटे शिकवतात. आक्षेप मागे घेतला, अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला आणि बाईंना तसे सांगितले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, क्षणभर टेबलाला हात टेकून उभ्या राहिल्या, मग खाली वाकून माझे बटण उचलले आणि माझ्यासमोर ठेवले. जाताना त्यांचे गुडघे दोनदा वाजले.

संध्याकाळी घरी मी मुलीच्या लेखी हरकतीवर 'मान्य' असा शेरा लिहून सही केली, आईचा हीटर स्वतः लावून दिला आणि वेळापत्रक काढून घेतले. अहवालात कारण असे नोंदवले आहे :

न्हाणीघरातले घड्याळ नऊ मिनिटे पुढे होते, कारण परीक्षक आंघोळीला वेळ लावतो. आईच्या खोलीतले घड्याळ सात मिनिटे मागे होते, कारण परीक्षकाला लवकर उठवलेले चालत नाही. दोहोंतला फरक सोळा मिनिटांचा आणि परीक्षकाने ठेवलेले सर्वांत मोठे अंतर दहा मिनिटांचे. मेन त्यामुळे पडत होता.