छत्तीस उंदरांचा संधिवात

मानवजातीचं कल्याण उंदरापासून सुरू होतं, हे आता सर्वमान्य आहे. (ते मानवापर्यंत कधी पोचतं, याविषयी मतभेद आहेत.)

मिरजेजवळच्या ज्या औषधनिर्माण महाविद्यालयात मी कारकून होतो, तिथे १९९६ साली याच उदात्त हेतूने छत्तीस पांढरे उंदीर आणले. त्यांना संधिवात नव्हता. ही उणीव इंजेक्शन टोचून भरून काढण्यात आली. मग बांधावरच्या एका पाल्याचा अर्क पाजून त्यातल्या अँटिऑक्सिडंटांनी सूज उतरते का, हे प्रयोग करणाऱ्या त्रिशला मॅडम रोज उंदरांचे पाय मोजून बघत. (अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे आमच्याकडे दोघांनाच माहीत होतं आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.)

पाला सुचवला भामाबाईंनी. रोजंदारीवर पिंजरे झाडणाऱ्या या बाईंची बोटं सकाळी हळकुंडासारखी सुजत. सासू हाच पाला बांधायची, असं त्या सहज बोलून गेल्या. अशा माहितीला शास्त्रात पारंपरिक ज्ञान म्हणतात आणि सांगणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत.

चौथ्या आठवड्यात उंदरांची सूज बासष्ट टक्के उतरली.

"मॅडम, उंदरांस्नी लय गुण आला," भामाबाई म्हणाल्या. "पाला बांधून झाडू धरता येत न्हाई. त्यो अर्क मला बी द्या की चमचाभर."

"तुम्ही अजून टप्प्यात येत नाही, भामाबाई. आधी उंदीर, मग ससे, मग माणसं."

"माणसं कवा?"

"दोन हजार सातपर्यंत."

"तवर ही बोटं ऱ्हातील व्हय?"

मॅडम मनाने चांगल्या. त्यांनी महाविद्यालयाच्या संशोधन समितीकडे तीन प्रतींत अर्ज करायला सांगितलं. तो मीच लिहून दिला, कारण भामाबाईंना पेन धरवत नव्हतं. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून कळवलं की, अर्जदाराचा संधिवात आपोआप झालेला असल्याने तो प्रमाणित नाही.

सहाव्या आठवड्यात भामाबाईंना पिंजऱ्यांच्या कड्या उघडेनात. उंदरांचा डोस वीस मिनिटं उशिरा गेला. उंदरांच्या प्रकृतीशी खेळ नको म्हणून बाईंना कामावरून कमी केलं. तो आदेशही मीच टाईप केला. मला वाईट वाटलं, पण त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

ही हकिगत मी अनेकांना सांगितली आहे. सगळे मन लावून ऐकतात, हळहळतात आणि गुडघा चोळत पाल्याचं नाव विचारतात. उपाशीपोटी घ्यायचा की जेवणानंतर, हेही विचारतात. तुमच्याही ओठांवर तेच असणार. भामाबाईंचं पुढं काय झालं, असं अजून कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे मलाही चौकशी करावी लागली नाही.